नानांची माणसं

नानांबरोबर भाजी आणायला जाणं मी नववीत असताना बंद केलं. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घरापासून बाजार दहा मिनिटांवर, पण नानांना पोचायला तास लागायचा. कोपऱ्यावर कुणीतरी सायकल थांबवायचं, पुढे कुणीतरी दुकानातून हाक मारायचं. "नाना, कथा चालनात?" असं अहिराणीत, कुठे निघालात म्हणून, विचारणारा खेड्यावरचा म्हातारा भेटला की नाना त्याच्याच बोलीत उत्तर द्यायचे, त्याच्या म्हशीची चौकशी करायचे, मुलीचं कुठे जमलं का ते विचारायचे. मी रिकामी पिशवी धरून शेजारी उभी. कुणी माझ्याकडे बघून "ही पोरगी का?" म्हणालं की मी मान खाली घालायचे.

नाना म्हणजे माझे वडील. घरात आम्ही नाना म्हणायचो आणि बाहेरचे सगळेही नानाच म्हणायचे. ते एसटीत कंडक्टर होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी एकाच रस्त्यावर काढली. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे आणि परत. त्या रस्त्यावर रोज जाणारे शिक्षक, कापसाच्या हंगामातले मजूर, माहेरी निघालेल्या बाया, कोर्टाच्या तारखेला जाणारे भाऊबंद, सगळे त्यांच्या ओळखीचे. आमच्या घरी लग्नपत्रिका इतक्या यायच्या की आई त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहायची.

मी आईवर गेले. मला माणसांची गर्दी सोसत नाही. शिकून मी लॅब टेक्निशियन झाले. एका खासगी लॅबमध्ये आतल्या खोलीत बसून स्लाइड बघायच्या. तिथे माणसांशी बोलावं लागत नाही, त्यांच्या रक्ताशी बोललं की पुरतं. लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती इथे सांगायची नाहीत. मैत्रिणी दोन. एक पाचवीपासूनची. तिचे अब्बा शिंपी होते, आता ती स्वतः बायकांचे कपडे शिवते आणि चार मुलींना शिकवते. दुसरी लॅबच्या कोर्सला भेटली. ती लग्न होऊन धुळ्याला गेली आणि तिथे तिची स्वतःची छोटी लॅब आहे. या दोघींपुढे मी काहीही बोलू शकते. तिसरी कुणी असावी असं मला कधी वाटलं नाही.

एकदा, मी नोकरीला लागल्यावर, नानांना जेवताना विचारलं होतं. "एवढी माणसं ओळखता तुम्ही. त्यात तुमचा मित्र कोण?"

नाना म्हणाले, "सगळेच."

सगळेच म्हणजे कुणीच नाही, असा मी त्याचा अर्थ लावला.

आई गेली तेव्हा तो अर्थ बरोबर होता असं मला वाटलं. दहाव्यापर्यंत ओट्यावर बसायला जागा नव्हती. पारोळ्याहून, धुळ्याहून गाड्या करून माणसं आली. चौदाव्या दिवशी घरात आम्ही दोघं. त्या रिकाम्या घरात पुढचे आठ दिवस शिंपीण मैत्रीण माझ्याकडे झोपायला आली आणि धुळ्याची रोज फोन करत राहिली. मी मनात हिशेब संपवून टाकला. गर्दी ती गर्दी आणि माणूस तो माणूस. नाना मात्र पंधराव्या दिवशी सकाळी चपला घालून फिरायला निघाले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

मग नानांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली. बराच काळ मला पत्ताच लागला नाही, कारण नानांनी ते फार हुशारीने झाकलं. समोरच्याचं नाव आठवलं नाही की ते विचारायचे, "काय म्हणतंय गाव?" आणि समोरचा गावाचं सगळं सांगत सुटायचा. पण एक दिवस त्यांनी मलाच विचारलं, "तुझी आई अजून आली नाही का बाजारातून?" मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, विस्मरणाचा आजार आहे, वाढत जाईल. एकटं सोडू नका.

मी त्यांचं हे शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. दिवसभर घरी असायला एक मावशी ठेवल्या. फाटकाला कुलूप लावलं. नानांना सांगितलं, आजपासून बाहेर जायचं असेल तर माझ्याबरोबर, संध्याकाळी, कोपऱ्यापर्यंत.

"मला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"काही झालेलं नाही. पण मी सांगते ते ऐका."

त्यांनी ऐकलं. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पायात चपला अडकवून ते ओट्यावरच्या खुर्चीत बसायचे. रस्त्याने कुणी गेलं तर हात वर करायचे. दुपारी मावशींनी हाक मारली की चपला काढून आत यायचे. असे दोन महिने गेले. ते कमी बोलायला लागले, ते मी आजाराच्या खात्यात टाकलं.

थंडीच्या दिवसांतली एक सकाळ. मी लॅबमध्ये होते. दहाच्या सुमाराला मावशींचा फोन आला. दूधवाल्यासाठी त्यांनी फाटक उघडलं, वर कपडे वाळत घालायला गेल्या, खाली आल्या तर खुर्ची रिकामी. त्या रडत होत्या. मी घरी आले, तोपर्यंत त्यांनी सगळी गल्ली पालथी घातली होती. नानांचा मोबाइल आत टेबलावर पडलेला.

मी शिंपीण मैत्रिणीला फोन केला. ती गळ्यात टेप तशीच घेऊन स्कूटीवर आली. मी म्हणाले, पोलिसात जाऊ. ती म्हणाली, "जाऊ. पण आधी मला सांग, नाना रोज फिरायला कुठे जायचे? कुणाकडे बसायचे?"

 पंचवीस वर्षं मी त्या घरातून रोज कामाला जात होते. नानांच्या इतक्या माणसांपैकी एकाचंही दुकान मला माहीत नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिने स्कूटी तिथेच लावली आणि म्हणाली, "मग चालत निघू. ते निघायचे तसेच."

कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. मी रोज तिच्यावरून जाते. टपरीवाल्याला मैत्रिणीने विचारलं तर तो हसला. "आले होते ना नाना. दोन महिन्यांनी आले. मी म्हटलं, आजारी होते का? चहा पाजला. तुम्ही त्यांची मुलगी का, ताई?"

"कुठे गेले ते?"

"ड्युटीवर जायचं म्हणाले. मला वाटलं, गंमत करत आहेत." मग माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. तो टपरी शेजारच्या पानवाल्यावर सोडून आमच्याबरोबर रिक्षा स्टॉपपर्यंत आला. तिथे चार रिक्षावाले उभे होते. त्यातला सगळ्यात वयस्कर पुढे झाला.

"मीच सोडलं नानांना स्टँडवर," तो म्हणाला. "ते बसले, म्हणाले स्टँड, मी सोडलं. त्यांना बरं नाही हे कुणी सांगितलंच नाही, ताई."

खरंच, कुणी सांगितलं नव्हतं. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नानांच्या आजाराची लोकांत चर्चा नको, म्हणून मी फाटक बंद केलं आणि तोंडही.

"बसा," रिक्षावाला म्हणाला. त्याने आम्हाला नव्या स्टँडवर नेलं आणि आमच्याआधी स्वतःच कंट्रोलरच्या केबिनमध्ये शिरला. कंट्रोलर तरुण होता. नाना निवृत्त झाले तेव्हा तो बहुतेक शाळेत असेल. तरी त्याने लगेच सांगितलं, "नाना साडेनऊच्या धुळे गाडीत बसले. पहिल्या सीटवर. मी बघितलं."

"तुम्ही जाऊ कसं दिलं?" माझा आवाज चढला.

तो शांतपणे म्हणाला, "ताई, ते आमचे सीनियर. दर महिन्याला याच गाडीने जायचे. मी कशाला अडवू?"

दर महिन्याला. हे मला माहीत नव्हतं. पण तेव्हा त्याचा विचार करायला वेळ नव्हता. त्याने त्या गाडीच्या कंडक्टरला फोन लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. कंडक्टर बाई होत्या. मागे गाडीचा आवाज येत होता, त्यावरून त्या मोठ्याने बोलल्या, "नाना होते, पण एरंडोलला उतरले. मला वाटलं, त्यांना तिथेच उतरायचं होतं."

मी खाली बाकावर बसले. एरंडोलच्या स्टँडमधून बाहेर पडलं की सरळ हायवे. ट्रकची रांग थांबत नाही.

कंट्रोलर माझ्याकडे न बघता पुढचा नंबर लावत होता, एरंडोलच्या केबिनचा. तिकडचा माणूस बराच वेळ फोन उचलेना. उचलला तेव्हा त्याला सगळं दोनदा सांगावं लागलं. मग तो म्हणाला, "नाना माझ्यासमोर आले होते. गाडीची नोंद करा म्हणाले. मी ओळखलं त्यांना, पण काहीतरी वेगळं वाटलं. तोवर त्यांची गाडी निघून गेली होती. मी त्यांना इथे बसवलं, शेजारच्या बाईकडचा पेरू खायला दिला आणि अकराच्या गाडीत बसवून दिलं. कंडक्टरला सांगितलंय, धुळ्यापर्यंत त्यांना खाली उतरू देऊ नको."

कंडक्टरला प्रत्येक स्टँडवर उतरून गाडीची नोंद करावी लागते. नाना त्यासाठी उतरले होते.

मी धुळ्याच्या मैत्रिणीला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "गाडी किती वाजता पोचेल?" नंतर मला कळलं की तिने सॅम्पल घेता घेता फोन उचलला होता. ते सॅम्पल पूर्ण केलं, बाहेर बसलेल्या तिघांची माफी मागितली आणि शटर ओढून ती स्टँडवर गेली.

आम्ही दोघी मिळेल त्या गाडीने धुळ्याला निघालो. टपरीवाला आणि रिक्षावाला खिडकीपाशी उभे राहिले. रिक्षावाल्याने माझा नंबर घेतला आणि आपला दिला. "पोचल्यावर सांगा, ताई. नाहीतर जीवाला चैन पडायची नाही."

पारोळा यायच्या आत धुळ्याच्या मैत्रिणीचा फोन आला. नाना धुळ्याला उतरले होते, ठणठणीत होते, पण माझ्या मैत्रिणीला ओळखत नव्हते. तिच्या लग्नात त्यांनी जेवणाच्या पंक्ती वाढल्या होत्या. ती घरी चला म्हणाली तेव्हा ते म्हणाले, "मी तुम्हाला ओळखत नाही. माझी माणसं येतील."

"मग?" मी विचारलं.

"मग मी शेजारी बसले. विचारलं, कोणाला भेटायचंय? तर म्हणाले, माझ्या ड्रायव्हरला. आता मी इथे विचारतेय, कोण ड्रायव्हर."

धुळ्याच्या स्टँडवर ते शोधायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. पुस्तकांच्या स्टॉलवाल्याला नाना माहीत होते आणि त्यांचा ड्रायव्हरही. इथेच देवपुरात राहतो, असं म्हणून त्याने पत्ता सांगितला. ड्रायव्हरकडे जाऊ म्हटल्यावर नाना तिच्याबरोबर निघाले आणि तिने तो पत्ता आम्हाला कळवला.

आम्ही देवपुरातल्या त्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मैत्रीण दारातच उभी होती. तिने बोट ओठावर ठेवलं आणि आत दाखवलं. खिडकीशी एक पलंग, त्यावर एक उंच, वाळलेला म्हातारा उशीला टेकून बसलेला. त्याचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. समोर खुर्चीत नाना. म्हातारा काहीतरी सांगत होता, पण पक्षाघाताने त्याची जीभ जड झाली होती आणि मला एकही शब्द कळत नव्हता. नाना मात्र मान डोलावत होते. मग नाना काहीतरी बोलले. मुकटी गावाजवळच्या वळणाबद्दल, रस्त्यावर आलेल्या कुठल्यातरी बैलाबद्दल. म्हातारा हसला. नानांना त्याचं नाव आठवत नव्हतं हे मला नंतर कळलं. ते त्याला एसटीतल्या रीतीने नुसतं "मास्तर" म्हणत होते आणि तोही त्यांना मास्तरच म्हणत होता.

म्हाताऱ्याच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं, पाणी दिलं.

"अठरा वर्षं एका गाडीवर होते दोघं," अक्का म्हणाल्या. "यांना झटका आल्यापासून नाना दर महिन्याला यायचे. दाढी करून द्यायचे यांची. पेपर वाचून दाखवायचे. चार वाजताच्या गाडीने परत. दोन महिने झाले, आले नाहीत. हे रोज दाराकडे बघायचे. आम्हाला वाटलं, आमचं काही चुकलं. रागावले."

मी हातातला पेला खाली ठेवला. दर महिन्यातून एकदा नाना "पेन्शनच्या कामाला" जायचे. मी कधी विचारलं नव्हतं, कसलं काम. एवढ्या वर्षांत माझ्या कानावर त्या ड्रायव्हरचा उल्लेख शंभर वेळा आला असेल. मी तो ऐकलाच नव्हता, कारण नानांना मित्र नाही हे मी कधीचंच ठरवून टाकलं होतं.

अक्कांनी शेवेची भाजी आणि भाकरी केली. आम्ही सगळे तिथेच जेवलो. नानांनी मित्राला भाकरी कुस्करून दिली. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कधी आलीस?" जणू मी रोज येणारी होते.

परतीच्या गाडीत नाना पुढे खिडकीशी झोपले. धुळ्याची मैत्रीण स्टँडवरून परत गेली होती. मी आणि शिंपीण मागच्या सीटवर. फागणे गाव मागे पडलं तशी मी रडायला लागले. तिने रडू दिलं.

मग मी म्हणाले, "मी त्यांच्यासाठीच केलं होतं ना?"

"त्यांच्यासाठी केलंस," ती म्हणाली. "तरी चुकलीस. कुलूप लावायला नको होतं."

दुसरं कुणीही मला हे म्हणालं नसतं. टपरीवाला म्हणाला नसता, कंट्रोलर म्हणाला नसता. त्यांना तो हक्क नव्हता आणि त्यांची तेवढी ओळखही नव्हती. ती मात्र पाचवीपासून मला असंच सांगत आली आहे. मी खिडकीबाहेर बघत राहिले. कपाशीची वेचून झालेली शेतं मागे जात होती. मी विचारलं, "मग आता काय करू?"

"तुला कुणी ओळखत नाही, हे आधी नीट कर," ती म्हणाली. "मग बघू."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी नाना चपला घालून ओट्यावर आले तेव्हा मी फाटक उघडून बाहेर उभी होते. "चला," मी म्हणाले. ते जिथे वळतील तिथे मी वळायचं, असं ठरवून निघाले. ते टपरीवर थांबले, मी थांबले. पुढे न्हाव्याचं दुकान, मग डाळ मिलच्या फाटकावरचा वॉचमन, मग केळीचे वेफर तळणाऱ्या एक बाई, मग मशिदीमागे घड्याळं दुरुस्त करणारे चाचा आणि शेवटी रिक्षा स्टॉप. प्रत्येक ठिकाणी मी सांगितलं, मी यांची मुलगी, आणि नानांना असं असं झालंय. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. चौथ्या ठिकाणी सरावली. कुणी हळहळ दाखवत बसलं नाही. घड्याळवाले चाचा म्हणाले, "हमको तो मालूम था, बेटी. मागच्या वर्षी एकच घड्याळ तीनदा दुरुस्तीला आणलं त्यांनी. मी तीनदा उघडून, पुसून परत दिलं." वॉचमन म्हणाला, "ते माझ्या फाटकावरूनच जातात. भलतीकडे वळले तर मी हाक मारीन."

आमची काही मोठी व्यवस्था नाही. नाना सकाळी मावशींबरोबर निघतात. मावशी चार पावलं मागे असतात, कारण शेजारून कुणी चाललेलं नानांना आवडत नाही. कुठे जास्त वेळ बसले तर तिथून मला फोन येतो. एकदा ते भलत्या गल्लीत वळले, तर मावशींच्या आधी वेफरवाल्या बाई धावल्या. त्यांची मुलगी आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आली, तेव्हा मी आतल्या खोलीतून बाहेर येऊन तिच्याजवळ बसले. असं मी आधी कधी केलेलं नव्हतं. तिला सुईची भीती वाटते, हे मला तिच्या आईकडून आधीच कळलं होतं.

हे सगळे माझे मित्र झाले का? नाही. त्यांतल्या कुणाजवळ मी रडणार नाही आणि तेही माझ्याजवळ रडणार नाहीत. पण त्यांच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा पाइपच्या कंपनीत लागला, कुणाची सून चोपड्याहून यायची आहे, हे मला माहीत असतं आणि ते माहीत असणं मला आवडतं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे आवडायला लागेल असं मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मैत्रिणी अजून दोनच आहेत. त्या दोघींची आता एकमेकींशी इतकी गट्टी जमली आहे की कधी कधी मला वगळून बोलतात.

महिन्यातल्या एका रविवारी मी नानांना धुळ्याला नेते. मागच्या खेपेला अक्कांनी गच्चीवर भरिताचा बेत केला होता. वांगी भाजायला काटक्या कमी पडल्या, म्हणून शेजारच्यांनी त्यांच्या दिल्या आणि मग तेही जेवायला बसले. नानांच्या मित्राला चौघांनी खुर्चीसकट वर आणलं. धुळ्याची मैत्रीण कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी थापत होती, शिंपीण मिरच्या कुटत होती. नानांनी त्यादिवशी माझं नाव घेतलं नाही. आता ते बहुतेक दिवशी घेत नाहीत. शेजारच्या घरातल्या नव्या सुनेने त्यांना विचारलं, "आजोबा, या तुमच्या कोण?"

नानांनी माझ्याकडे नीट पाहिलं. 

"ही आपल्यातलीच आहे," ते म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी भरीत वाढायला सांगितलं.